आयुर्वेदाची आठ अंगं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीला, प्रवेश घेतलेल्या मुलांचे पालक, ओपीडीत आलेले रुग्ण आणि एखादी बातमी वाचून फोन करणारे ओळखीचे लोक, या सगळ्यांकडून गेली कित्येक वर्षं जे प्रश्न कानावर पडले ते इथे एका जागी आणले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात. काहींना थोडा धीर धरावा लागेल.

ही आठ अंगं कोणती?

आयुर्वेदाचे तीन मोठे जुने ग्रंथकार म्हणजे चरक, सुश्रुत आणि वाग्भट. यांतल्या वाग्भटाने आपल्या अष्टांगहृदय या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ती एका ओळीत बसवली आहेत: ‘कायबालग्रहोर्ध्वाङ्गशल्यदंष्ट्राजरावृषान्’. आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलं ही ओळ पाढ्यासारखी घोकतात आणि परीक्षेत तीच कामाला येते.

ओळ फोडली की असं दिसतं. काय म्हणजे कायचिकित्सा, औषधांनी आणि शोधनाने, म्हणजे शरीराच्या शुद्धीने, बरे करायचे सर्वांगाचे आजार. बाल म्हणजे कौमारभृत्य, मुलांचं संगोपन आणि आजार. ग्रह म्हणजे भूतविद्या, भूतबाधा समजल्या गेलेल्या आजारांची. ऊर्ध्वांग म्हणजे शालाक्य, मानेच्या वरचा भाग: डोळे, कान, नाक, तोंड, डोकं. शल्य म्हणजे शस्त्रकर्म. दंष्ट्रा म्हणजे दाढ, म्हणजे दंश आणि विष, हे अगदतंत्र. जरा म्हणजे म्हातारपण, त्यावरचं रसायन. आणि वृष म्हणजे वाजीकरण, शुक्र आणि संततीची शाखा.

आठच का? आणि हे ठरवलं कोणी?

सुश्रुतसंहितेत याची एक कथा आहे. ब्रह्मदेवाने आधी एक लाख श्लोकांचा, एक हजार अध्यायांचा आयुर्वेद रचला. मग माणसाचं आयुष्य तोकडं आणि बुद्धीही तोकडी, हे पाहून त्याचे आठ भाग केले. मला ही कथा फार आवडते, कारण विभागणीचं खरं कारण तिने सांगून टाकलं आहे: एका माणसाला एवढं सगळं झेपत नाही.

यादीचा क्रम मात्र प्रत्येकाचा वेगळा. चरकाची यादी कायचिकित्सेने सुरू होते, कारण त्याच्या ग्रंथाचा विषय तोच. सुश्रुताची सुरू होते शल्यापासून, आणि तो कारणंही देतो: शल्याचा गुण लवकर येतो, यंत्र, शस्त्र, क्षार आणि अग्नी ही साधनं त्यात वापरता येतात, आणि बाकीच्या तंत्रांशीही त्याचा मेळ बसतो.

पतंजलींचा अष्टांगयोग तो हाच का?

नाही. तिथली आठ अंगं यम, नियम, आसन इथून समाधीपर्यंत जाणाऱ्या साधनेच्या पायऱ्या आहेत. इथे आठ निरनिराळी कामं आहेत. आकडा तेवढा सारखा.

कायचिकित्सा म्हणजे शरीराची चिकित्सा. मग बाकीच्या सात शाखा कशाची चिकित्सा करतात?

प्रश्न अगदी रास्त आहे. चरकाचा टीकाकार चक्रपाणी ‘काय’ शब्दाचा अर्थ ‘अंतराग्नी’ असा लावतो. म्हणजे कायचिकित्सा ही अग्नीची चिकित्सा. खाल्लेलं पचवणारा जठराग्नी एक, पंचमहाभूतांचे पाच, शरीर घडवणाऱ्या रस, रक्त अशा सात धातूंचे सात, असे तेरा अग्नी आयुर्वेद मोजतो. ताप, अतिसार, पांडू, प्रमेह असे आजार या तेरांपैकी कुठे काय बिघडलं, या नजरेने पाहिले जातात. म्हणूनच तुम्ही गुडघेदुखी घेऊन गेलात तरी वैद्य आधी भूक आणि शौचाची चौकशी करतो. तो विषय टाळत नसतो, तो त्याच्या शाखेचं कामच करत असतो.

पंचकर्म ही वेगळी शाखा आहे का?

जुन्या आठांत नाही. ते उपचाराचं साधन आहे आणि कायचिकित्सेत त्याचा सर्वांत जास्त वापर होतो. वमन (ओकारी करवणं), विरेचन (जुलाब देणं), निरूह बस्ती आणि अनुवासन बस्ती (काढ्याचा आणि तेलाचा एनिमा) आणि नस्य (नाकात औषध घालणं) ही चरकाची पाच कर्मं. वाग्भट दोन्ही बस्ती एकत्र धरून रक्तमोक्षण, म्हणजे रक्त काढणं, मोजतो. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात बस्तीला अर्धी चिकित्सा म्हटलं आहे, काहींच्या मते तर संपूर्णच. अंगाला तेल चोळणं आणि वाफ घेणं ही पूर्वतयारी झाली. तेवढ्यालाच ‘पंचकर्म पॅकेज’ म्हणून विकतात ते बरोबर नाही.

खरंच त्या काळी शस्त्रक्रिया होत होत्या? की हे मागाहून केलेलं कौतुक आहे?

कौतुक बाजूला ठेवू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ नावाचा आहे. योग्या म्हणजे सराव. हा अध्याय वाचल्यावर शंका उरत नाही, कारण असा मजकूर कल्पनेने लिहिता येत नाही. तो शिकवणाऱ्याच्याच हातून उतरतो.

छेदन शिकायचं ते कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर. भेदन, म्हणजे फोडणं, शिकायचं ते पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर. लेखन, म्हणजे खरवडणं, केसाळ चामड्यावर. वेधन, म्हणजे टोचणं, मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. एषणी, म्हणजे शोधसळई, आत घालून वाट शोधायची ती किडीने पोखरलेल्या लाकडात. आहरण, म्हणजे अडकलेलं बाहेर ओढणं, फणसाच्या किंवा बेलाच्या गरातून, किंवा मेलेल्या जनावराचे दात उपटून. विस्रावण, म्हणजे पू-रक्त वाहू देणं, मेण लावलेल्या सावरीच्या फळीवर. सीवन, म्हणजे शिवणं, जाड कापडाच्या आणि मऊ चामड्याच्या कडांवर. पट्ट्या बांधायला माणसाच्या आकाराचा पुतळा. सगळं शास्त्र तोंडपाठ असलं तरी योग्या न केलेला वैद्य कामाला अपात्र, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

पोटात काय आहे हे पाहण्याची रीतही दिली आहे. प्रेत गवतात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचं, वाहत्या पाण्यात आडोशाला बांधायचं, सात रात्रींनी काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने थरामागून थर हळूहळू घासत आत पाहत जायचं. विषाने किंवा दीर्घ आजाराने मेलेला देह यासाठी घ्यायचा नाही. यंत्रं १०१ आणि शस्त्रं २० सांगितली आहेत. त्या १०१ यंत्रांत प्रधान कोणतं? हात. तो नसेल तर बाकी यंत्रं चालणार कशी?

नाकाच्या प्लास्टिक सर्जरीचा पुण्याशी संबंध आहे, हे खरं का?

खरं आहे, आणि आपल्याकडे ते पुरेसं सांगितलं जात नाही. १७९२च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचं नाक करून ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, त्या मापाची कातडी सोडवायची, एका बाजूने जिवंत जोडलेली ठेवून खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची, अशी ती पद्धत. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचं वर्णन छापून आलं. ते वाचून सराव केलेल्या जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनाने १८१४ साली तिकडे तशी शस्त्रक्रिया केली.

सुश्रुताने नाकासाठी गालाची कातडी घ्यायला सांगितली आहे, पुण्याच्या कारागिराने कपाळाची घेतली. म्हणजे पोथी आणि हात यांच्यामध्ये बरंच काही बदलत गेलं होतं. मला इथे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. तो कारागीर वैद्य म्हणून ओळखला जात नव्हता आणि त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. पोथ्या सांभाळणाऱ्यांनी शस्त्र खाली ठेवलं होतं आणि ज्यांच्या हातात ते होतं त्यांना पोथीत जागा नव्हती. सुश्रुतानेच म्हटलं आहे की नुसतं शास्त्र जाणणारा आणि नुसतं कर्म जाणणारा, दोघेही एका पंखाच्या पाखरासारखे. शल्यतंत्राचं तेच झालं.

आज आयुर्वेदाचे डॉक्टर ऑपरेशन करू शकतात का?

बीएएमएस झाल्यावर शल्यतंत्रात किंवा शालाक्यात एमएस करता येतं. नोव्हेंबर २०२०मध्ये भारतीय चिकित्सा पद्धतींच्या तेव्हाच्या केंद्रीय परिषदेने अधिसूचना काढून या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी शिकायच्या ५८ शस्त्रक्रिया नावानिशी जाहीर केल्या: शल्याच्या ३९ आणि शालाक्याच्या १९. त्यावर इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर निषेध केला. तो वाद मी इथे सोडवणार नाही. रुग्ण म्हणून तुम्ही एवढं विचाराच: पदवी कोणती, ही शस्त्रक्रिया आजवर किती वेळा केली आहे, भूल कोण देणार आणि गुंतागुंत झाली तर पुढची सोय काय. हे प्रश्न कुठल्याही पॅथीच्या सर्जनला विचारायला हवेत.

शल्यतंत्राचं आज ठामपणे उभं असलेलं काम म्हणजे भगंदरावरचं (गुदद्वाराजवळच्या फिस्टुलावरचं) क्षारसूत्र. दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थरावर थर चढवतात. तो दोरा भगंदराच्या वाटेत ओवून ठरावीक दिवसांनी बदलत जातात. वाट कापतही जाते आणि भरतही येते. काशी हिंदू विद्यापीठात या पद्धतीवर आधुनिक काळात काम झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत केलेल्या आणि १९९१मध्ये छापलेल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या तुलनेत जखम भरायला वेळ जास्त लागला, पण भगंदर परत होण्याचं प्रमाण कमी आढळलं. दोन्ही बाजू रुग्णाला आधी सांगाव्यात.

शालाक्य हे नाव कशावरून?

शलाका म्हणजे सळई, डोळ्या-कानात काम करायचं बारीक उपकरण. सुश्रुत डोळ्यांचे ७६ आजार मोजतो, वाग्भट ९४. मोतीबिंदू सळईने बाजूला सारण्याची क्रिया सुश्रुतसंहितेच्या शेवटच्या भागात, उत्तरतंत्रात, दिलेली आहे. तिच्यात डोळ्यातलं भिंग बाहेर निघत नव्हतं, नुसतं दृष्टीच्या वाटेतून हटत होतं. आज भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात, आणि मोतीबिंदूला तेच करायचं. शालाक्याच्या ओपीडीत तुम्हाला आज नेत्रतर्पण दिसेल: डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट औषधी तूप भरतात.

सुवर्णप्राशन, म्हणजे बाळाला सोनं चाटवणं, कौमारभृत्यातलं आहे का? पुष्य नक्षत्रावरच का देतात?

काश्यपसंहिता हा या शाखेचा मुख्य ग्रंथ. तो खंडितच मिळाला. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्याकडची पोथी १९३८ साली छापून आली. त्यातल्या लेहनाच्या, म्हणजे चाटणाच्या, प्रकरणात धुतलेल्या दगडावर सोनं पाण्यात उगाळून मध-तुपाबरोबर बाळाला चाटवायला सांगितलं आहे. तिथल्या श्लोकात पुष्य नक्षत्राची अट नाही. महिन्यातून एक दिवस शिबिर भरवायला ते सोयीचं आहे, एवढं खरं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असं आजचं बालरोगशास्त्र सांगतं, कारण त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते. हे मी पालकांना दर वेळी सांगतो. आणि सुवर्णप्राशन हा लसीला पर्याय नाही.

या शाखेतली वयाची विभागणी मात्र मला फार शहाणी वाटते. सुश्रुताने वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद आणि पुढे अन्नाद, असे मुलाचे टप्पे त्याच्या आहारावरून पाडले आहेत.

भूतविद्येची लाज नाही वाटत?

वाटत नाही, पण ती जशी सांगितली जाते त्याची चीड येते. उन्माद (वेड), अपस्मार (फिट येणं), अचानक पालटलेलं वागणं, मुलांचे झटके यांचा उलगडा होत नव्हता तेव्हा त्यांना ग्रहांची नावं दिली गेली. सुश्रुताने बालग्रहच नऊ सांगितले आहेत. मंत्र, बळी, होम हेही तिथे आहेत. ते नव्हतेच, असं म्हणणं खोटं होईल.

पण त्याच परंपरेत चरकाचं हे वाक्य आहे: ‘नैव देवा न गन्धर्वा न पिशाचा न राक्षसाः। न चान्ये स्वयमक्लिष्टमुपक्लिश्नन्ति मानवम्॥’ जो स्वतः आधी बिघडलेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस, कोणीच त्रास देत नाही. आजाराचं मूळ प्रज्ञापराधात, म्हणजे स्वतःच्या चुकलेल्या समजुतीत आणि वागण्यात शोध, असं तो सांगतो. मनाच्या उपचारासाठी त्याने ‘सत्त्वावजय’ हा वेगळा शब्द दिला: अहितकर विषयांपासून मन आवरणं. आज पदव्युत्तर पातळीवर ‘मानसरोग’ हा विषय आहे तो याच वाटेवरचा. भूत उतरवतो म्हणून माणसाला मारहाण करणं, कोंडणं, चटके देणं यावर महाराष्ट्रात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तिथे आयुर्वेदाच्या नावाची ढाल कोणी पुढे करू नये.

साप चावला तर अगदतंत्राचा उपचार घ्यावा का?

नाही. सरळ रुग्णालयात जा. चावलेला भाग हलू देऊ नका, करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर प्रतिविष आहे आणि ते वेळेत मिळणं हाच उपचार. मंत्र-गंडेदोऱ्यांसाठी साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याचे वैद्यकीय उपचार अडवणं हा वर सांगितलेल्या कायद्यानेच गुन्हा आहे.

मग अगदतंत्र शिकायचं कशाला? त्यातली नजर पाहण्यासारखी आहे. फण्याचे दर्वीकर, अंगावर मंडलं असलेले मंडली, रेघांचे राजिमान, अशी सापांची वर्गवारी आणि प्रत्येकाच्या विषाची वेगळी लक्षणं तिथे आहेत. चरकाने विषावर २४ उपक्रम सांगितले. त्यांतले बांधणं, कापणं, चोखणं हे आपण आज सोडले आहेत, आणि सोडायलाच हवेत. शरीरात मुरून राहणाऱ्या, हळूहळू त्रास देणाऱ्या विषाला ‘दूषीविष’ म्हटलं आहे. ही कल्पना मात्र आजही विचार करायला लावते. महाविद्यालयांत आता याच विभागात न्यायवैद्यकही शिकवतात.

रसायन म्हणजे भस्मं ना?

हा गोंधळ नेहमीचा. शाळेतल्या ‘रसायनशास्त्रा’मुळे तो आणखी वाढतो. पारा, गंधक, धातू, भस्मं हे रसशास्त्र. ते पुढे वाढलं आणि आठ अंगांच्या यादीत नाही. रसायन म्हणजे रस-रक्तादी शरीरातले धातू उत्तम मिळवण्याचा उपाय. च्यवनप्राश हे त्याचं घरोघरी माहीत असलेलं उदाहरण. चरकाच्या पाठात त्याला ५०० आवळे लागतात.

पण डबा आणून चमचाभर खाल्ला की रसायन झालं, असं नाही. आधी शोधन हवं. मळक्या कापडावर रंग चढत नाही, असा दाखला सुश्रुताने दिला आहे. आणि चरकाने ‘आचाररसायन’ म्हणून जे सांगितलं त्यात एकही वनस्पती औषध म्हणून नाही: खरं बोलावं, रागावू नये, अति दमू नये, झोप-जागरण नेमस्त असावं, दूध-तूप खावं, वडीलधाऱ्यांची सेवा करावी.

वाजीकरण म्हणजे फक्त ताकदीच्या गोळ्या का?

जाहिरातींनी या शाखेची जेवढी विटंबना केली तेवढी दुसऱ्या कुठल्याच शाखेची झाली नाही. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्या दिसतात. शास्त्राचा रोख संततीवर आहे. सुश्रुत या शाखेची व्याख्या करताना अल्प, दूषित, क्षीण आणि शुष्क असे शुक्राचे चार दोष सांगतो आणि त्यांवर उपाय करायला सांगतो. मूल होत नाही म्हटलं की आजही घरची माणसं आधी सुनेला तपासायला घेऊन येतात. नवऱ्यालाही तपासा, हे सांगणारी एक पूर्ण शाखा आपल्याकडे केव्हाची आहे.

आज महाविद्यालयात हेच आठ विषय असतात का?

विभाग १४ असतात. कायचिकित्सा, शल्य, शालाक्य, कौमारभृत्य आणि अगदतंत्र हे जुन्या यादीतले. प्रसूती-स्त्रीरोग आणि पंचकर्म स्वतंत्र झाले. द्रव्यगुण, रसशास्त्र, शारीर, रोगनिदान, स्वस्थवृत्त हे पायाचे. रसायन, वाजीकरण आणि मानसरोग पदवीला कायचिकित्सेत शिकवतात. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष आंतरवासिता, प्रवेश नीटमधून.

एकच वैद्य आठही अंगांचा उपचार करू शकतो का?

शिकावीत आठही, कारण ‘एकच शास्त्र शिकणाऱ्याला त्या शास्त्राचाही निश्चय होत नाही’ असं सुश्रुत म्हणतो. करावं मात्र आपल्या अधिकारातलं. गुल्म, म्हणजे पोटातला गोळा, पिकला की पुढचा अधिकार धन्वंतरीच्या संप्रदायाचा, म्हणजे सर्जनचा, असं चरक लिहितो आणि बाजूला होतो. डोळ्यांच्या आजारांपाशी आल्यावर तो म्हणतो, ‘पराधिकारे तु न विस्तरोक्तिः’: दुसऱ्याच्या अधिकारात विस्ताराने बोलू नये. ज्याच्या नावावर सगळा कायचिकित्सेचा डोलारा उभा आहे तो माणूस हे लिहितो. सगळ्या आजारांवर एकाच दवाखान्यात हमखास उपाय, अशी पाटी दिसली की मला हे वाक्य आठवतं.

मग कोणाकडे जायचं ते कसं ओळखू?

नावापुढची पदवी पाहा. एमडी कायचिकित्सा, एमएस शल्यतंत्र, एमडी कौमारभृत्य असं लिहिलेलं असतं. नुसतं बीएएमएस असेल तर ते सर्वसाधारण चिकित्सक. महाराष्ट्रात महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारला तर राग येण्याचं कारण नाही. चालू असलेली गोळ्या-औषधं, विशेषतः रक्तदाबाची, साखरेची आणि फिट्सची, पहिल्याच भेटीत दाखवा आणि कोणी सांगितलं म्हणून ती एकदम बंद करू नका. आणि एक प्रश्न आवर्जून विचारा: ‘हे तुमच्याकडून बरं होणार नसेल तर तुम्ही मला कोणाकडे पाठवाल?’